ठाण्यातल्या घरी परदेशी, आगळीवेगळी फुलझाडं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी बाग म्हणजे ठाण्यातल्या एका जुन्या इमारतीची पश्चिमेची गॅलरी आणि बऱ्याच मनधरणीनंतर सोसायटीने दिलेला गच्चीचा कोपरा. अंगण नाही, जमीन नाही. तरी गेल्या 18 वर्षांत इथे अडेनियम, ऑर्किडं, वटवाघूळफूल, सयामची हळद असं बरंच काही फुललं, आणि त्याहून जास्त मेलं. लोक तेच तेच विचारतात, मीही जिन्यात उभी राहून तेच तेच सांगते; म्हणून एकदाचं लिहून काढलं.

झाड आपल्याकडे जगेल का, हे विकत घेण्याआधी कसं ओळखायचं?

फूल नंतर बघा, आधी माहेर विचारा. ठाण्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस पडतो, साधारण 2500 मिलिमीटर. हवा कायम ओलसर, हिवाळा नावापुरता, आणि मार्च ते मे अंगाची लाही. फिलिपिन्स, थायलंड, मलेशिया, मध्य अमेरिका इथल्या पावसाळी जंगलांतलं झाड असेल तर त्याला हे सगळं ओळखीचं वाटतं. अरबस्तान किंवा दक्षिण आफ्रिकेकडचं झाड आठ महिने मजेत असतं आणि चार महिने जीव मुठीत धरून बसतं. थंडीवर वाढणारं, युरोपातलं किंवा हिमालयातलं झाड मात्र पाहुणं म्हणून येतं आणि पाहुण्यासारखंच जातं.

नर्सरीवाल्याला विचाराल तर तो म्हणतो, "सब चलेगा." त्याचं ते 'चलेगा' बिल होईपर्यंतचं असतं.

'परदेशी' शब्दाने बिचकायचंही कारण नाही. दसऱ्याचा झेंडू मेक्सिकोचा, निशिगंधही तिथलाच, बोगनवेल दक्षिण अमेरिकेची, देवळापुढचा चाफासुद्धा मध्य अमेरिकेकडून आलेला. चार पिढ्या गेल्या की सून घरचीच होते.

नवशिक्याने पहिलं झाड कोणतं घ्यावं?

ऊन असेल तर अडेनियम, ऊन कमी असेल तर डेंड्रोबियम ऑर्किड. पावसाळा तोंडावर असेल तर सयाम ट्युलिप.

त्यातलं सयाम ट्युलिप लोक उगीच टाळतात. नावात ट्युलिप असलं तरी ती थायलंडकडची हळद आहे, आपल्या हळदीच्याच कुळातली. मे अखेरीस कंद पेरा, जुलै-ऑगस्टमध्ये गुलाबी कणसासारखी फुलं येतात आणि कापून फुलदाणीत ठेवली तर बरेच दिवस टिकतात. दिवाळीनंतर पानं पिवळी पडू लागली की लोक घाबरून पाणी वाढवतात आणि कंद कुजवतात. तेव्हा तो झोपायला निघालेला असतो. पाणी तोडा, कुंडी कोरडी करून माळ्यावर ठेवा, वळवाच्या सरी आल्या की बाहेर काढा.

अडेनियम दर पावसाळ्यात कुजतं. काय चुकतंय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, त्यामुळे उत्तरही सगळ्यात लांब.

अडेनियमचं माहेर पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानचा दक्षिण भाग. बुंध्याचा जो फुगलेला गड्डा आपण कौतुकाने मातीबाहेर मांडतो, ती त्याची पाण्याची टाकी आहे. टाकी भरलेली, त्यात माती चिखल, वरून आठ-आठ दिवस सूर्य नाही, मग कुजणार नाही तर काय?

मे महिन्याच्या शेवटी, पहिला पाऊस पडायच्या आत, कुंड्या वळचणीखाली किंवा पत्र्याखाली घ्या, पण उजेड भरपूर हवा. पावसाळ्यात पाणी जवळजवळ बंद. गड्डा दाबून बघायचा: दगडासारखा टणक असेल तर पाणी नको, किंचित दबला तर वाटीभर द्यायचं. कुंडीखाली ताटली अजिबात नको. पानं गळली तर गळू द्या.

मिश्रणात मातीच जास्त असते, ही दुसरी चूक. मी दोन भाग जाड वाळू किंवा बारीक खडी, एक भाग विटांचा चुरा, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत आणि मूठभर नीमपेंड घेते. कुंडीत ओतलेलं पाणी दहा-पंधरा सेकंदांत खालून पडलं पाहिजे. कोकोपीट अडेनियमला नको. ते पाणी धरून ठेवतं.

कुजायला लागलंच तर हळहळत बसू नका. उपटा, धुवा, स्वच्छ सुरीने मऊ तपकिरी भाग कापा, पांढरा घट्ट गर दिसेपर्यंत. कापलेल्या जागी बुरशीनाशकाची पूड किंवा निदान हळद लावा आणि आठ-दहा दिवस पंख्याखाली, सावलीत, उघडं ठेवा. माझं सगळ्यात जुनं झाड असं तीनदा कापलेलं आहे. आता त्याचा गड्डा वाकडातिकडा आहे आणि येणारा प्रत्येक जण विचारतो की हा आकार मुद्दाम दिला का. मी हो म्हणते.

छाटणी फेब्रुवारीत, कुंडी बदलणंही तेव्हाच. कलमी झाड असेल तर कलमाच्या जोडाखालून फुटणारे धुमारे काढत राहा, नाहीतर दोन वर्षांत दुहेरी पाकळ्यांचं महाग फूल जाऊन साधं गुलाबी उरतं. आणि छाटताना हातमोजे घाला. त्याच्या पांढऱ्या चिकात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आफ्रिकेत हा चीक बाणांच्या टोकांना लावायला वापरत.

आमच्याकडचं ब्रह्मकमळ खरं आहे का?

खरं म्हणजे तुमच्याकडे आहे तो निवडुंग. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या जंगलांत मोठ्या झाडांच्या आधाराने वाढणारा. आपण ज्याला पान म्हणतो ते पान नाही, चपटं खोड आहे, म्हणूनच त्याच्या कडेतून कळी फुटते. हिमालयातलं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यपुष्प, हे सूर्यफुलाच्या कुळातलं. ते 3000 मीटरच्या वर उगवतं आणि ठाण्यात कोणी कितीही पैसे दिले तरी जगणार नाही.

हे सांगितलं की लोक जरा खट्टू होतात. व्हायचं कारण नाही. रात्री आठ-नऊला उमलायला लागलेलं, मध्यरात्री पूर्ण उघडणारं आणि पहाटे मान टाकणारं ते फूल काही खोटं नाही. आमच्या इमारतीत अजूनही कोणाकडे ब्रह्मकमळ उमलणार असेल तर दार उघडं ठेवतात. शेजारच्या काकू निरांजन घेऊन येतात, मुलं मोबाइल घेऊन. कोणाला कोणतं ब्रह्मकमळ खरं वाटतं यावर त्या रात्री वाद घालू नये.

लावायला चपटं खोड वीतभर कापून तीन-चार दिवस सावलीत सुकवा, मग पुरा. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारचं नको. दोन-तीन वर्षं धीर धरा, कुंडी लहानच ठेवा; मोठ्या कुंडीत नुसतं पसरत जातं. कळ्या धरल्यावर कुंडीची जागा बदलू नका, कळ्या गळतात.

ऑर्किड घरी आणलं, फुलं गेली, पुन्हा येतच नाहीत. का?

तुम्ही बहुतेक फॅलेनॉप्सिस आणलंय, भेटवस्तूच्या दुकानात मिळतं ते, रुंद पानांचं. त्याला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे गारवा लागतो, दिवसाचं तापमानही 25 अंशांच्या आसपास किंवा खाली. ठाण्यात जानेवारीतसुद्धा दुपारी 30 होतं. मग झाड हिरवंगार राहतं, नवी पानं काढतं आणि फुलायचं नाव घेत नाही. एसीच्या खोलीतल्या खिडकीशी ठेवून काहींना जमलंय. मला एकदाच जमलं.

आपल्याला डेंड्रोबियम आणि वांडा घ्यायचे. दोघांना उष्णता आणि दमटपणा हवाच असतो. मातीत मात्र लावायचे नाहीत. ही झाडं जंगलात फांद्यांना धरून वाढतात, मुळांना वारा लागतो. डेंड्रोबियमला लोणारी कोळशाचे आणि विटांचे तुकडे, वर नारळाच्या सोडणाचा एखादा तुकडा. वांडाला तर नुसती लाकडी किंवा प्लॅस्टिकची जाळीदार टोपली, बाकी काही नाही. मुळं हवेत लोंबू द्यायची.

पाण्याचा हिशेब मुळंच सांगतात. कोरडं मूळ चंदेरी पांढरं दिसतं, भिजलं की हिरवं होतं. सगळी मुळं पांढरी दिसली की पाणी. उन्हाळ्यात वांडाला रोज सकाळी, कधी संध्याकाळीही. आठवड्यातून एकदा लिटरभर पाण्यात 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्याच प्रमाणात असलेलं), 1 ग्रॅमपेक्षा जास्त नको. घरात आरओ असेल तर त्याचं बाहेर टाकलेलं पाणी ऑर्किडला कधीच देऊ नका, त्यात क्षार साठलेले असतात. एसीतून ठिबकणारं पाणी चालतं.

पश्चिमेच्या गॅलरीत एप्रिल-मे महिन्यांत 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी लावावी लागते. मी पहिल्या वर्षी लावली नाही आणि तीन वांडांची पानं दुपारच्या उन्हाने पापडासारखी भाजली.

आमच्या खिडकीत ऊनच येत नाही. काही फुलेल का?

समोरच्या टॉवरने ऊन खाल्लं असेल तर गुलाब-जास्वंद विसरा आणि वटवाघूळफूल लावा. टाक्का त्याचं नाव. आग्नेय आशियातल्या जंगलांत, मोठ्या झाडांच्या सावलीत उगवतं. फूल जवळजवळ काळं, पंख पसरल्यासारखं, खाली फूटभर लांब मिशा. पहिल्यांदा बघणारा माणूस एक पाऊल मागे सरकतो. भुसभुशीत, पानांचं खत घातलेली माती, निचरा चांगला, वारा थेट नको. उन्हाळ्यात हवा कोरडी झाली की पानांच्या कडा करपतात. तेव्हा आजूबाजूला इतर कुंड्यांची दाटी करायची. पावसाळ्यात तर त्याचं राज्य.

बेगोनिया आणि ग्लॉक्सिनियाही कमी उन्हात फुलतात. पण 'ऊन नाही' म्हणजे दिवसा दिवा न लावता पुस्तक वाचता येईल इतका तरी उजेड हवा. त्याहून कमी असेल तर तिथे देवाचा फोटो लावा.

ट्युलिप, लॅव्हेंडर, हायड्रेंजिया?

ट्युलिपच्या कंदाला 12 ते 16 आठवडे थंडी लागते. फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवून, डिसेंबरअखेर लावून एकदा फुलवता येतं, पण त्याच फ्रिजात सफरचंदं-केळी ठेवू नका. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलिन वायूने आतली कळी मरते. दुसऱ्या वर्षी तो कंद फुलत नाही. एका आठवड्याच्या फुलासाठी तीन महिने फ्रिज अडवायचा का, हे घरातल्यांना विचारून ठरवा.

लॅव्हेंडर आपल्या दमट हवेत बुरशीने जातं. हायड्रेंजिया महाबळेश्वरला बघा.

जेड वेल कुंडीत लावता येईल?

नाही. फिलिपिन्समधली ती वेल अजस्र वाढते, मांडव लागतो आणि वर्षानुवर्षं वाट बघावी लागते. पाचूच्या रंगाचे ते लोंबते घोस दिसायला अपूर्व आहेत हे मान्य. तिकडे त्यांचं परागीभवन वटवाघळं करतात. अंगण असलेल्या बंगल्यात लावा, गॅलरीच्या ग्रिलवर नको.

कृष्णकमळ अळ्यांनी फस्त केलं. कोणतं औषध मारू?

आधी अळी बघा. तांबूस, काटेरी असेल तर ती टॉनी कोस्टर फुलपाखराची आहे. औषध मारू नका. कृष्णकमळ चिवट असतं, पंधरा दिवसांत पुन्हा फुटतं, आणि त्या पंधरा दिवसांत तुम्हाला ग्रिलला लोंबणारे कोष बघायला मिळतात. घोडबंदरला ओवळेकर वाडीत फुलपाखरं बघायला आपण गाडी काढून जातो आणि घरी आलेल्यांवर फवारा मारतो. फारच जीव तुटत असेल तर दोन वेली लावा, एक तुमची, एक त्यांची.

कृष्णकमळाच्या निळ्या तंतूंना कौरव, पाच पुंकेसरांना पांडव आणि मधल्या तिघांना ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणायला आजीने शिकवलेलं असतं. ही वेल मुळात अमेरिकेची. तिथल्या स्पॅनिश धर्मोपदेशकांनी याच फुलात ख्रिस्ताचा काटेरी मुकुट, पाच जखमा आणि तीन खिळे पाहिले होते. तेच पाच, तेच तीन.

बदकवेलीच्या बदकासारख्या फुलाला वास का येतो?

माश्यांसाठी. वासाने आलेली माशी फुलाच्या नळीत शिरते, आतल्या केसांमुळे अडकते, आणि साधारण एक दिवसाने केस मऊ पडले की परागकण अंगावर घेऊन सुटते. स्टेपेलिया नावाचा आफ्रिकेतला चांदणीसारखा निवडुंगसदृश प्रकारही असाच, त्याला तर मेलेल्या उंदरासारखा वास येतो आणि माश्या फसून त्यावर अंडी घालतात. स्वयंपाकघराच्या खिडकीत यातलं काहीही लावू नका.

ऑनलाइन निळ्या गुलाबाचं, सप्तरंगी ऑर्किडचं बी मिळतंय. घेऊ?

पैसे जास्त झाले असतील तर घ्या. गुलाबात निळं रंगद्रव्य तयारच होत नाही. दुकानातलं गडद निळं ऑर्किड रंग पाजलेलं असतं, पुढचं फूल पांढरं येतं. आणि ऑर्किडचं बी धुळीसारखं बारीक असतं, त्यात अन्नसाठा नसतो. निसर्गात ते विशिष्ट बुरशीच्या मदतीने रुजतं, नाहीतर प्रयोगशाळेतल्या बाटलीत. कुंडीत पेरून उगवत नाही.

परदेशातून कोणी बी किंवा कंद बॅगेत घालून आणून देत असेल तरी नको म्हणा. वनस्पती संगरोधाच्या 2003 च्या आदेशानुसार आयात परवाना आणि तिकडचं रोगमुक्ततेचं प्रमाणपत्र लागतं. हा नुसता कागदी सोपस्कार नाही. घाणेरी आणि जलपर्णी दोन्ही शोभेची म्हणूनच इथे आल्या. एकीने डोंगर व्यापले, दुसरी उल्हास नदीवर पसरलेली आपण लोकलमधून बघतो. म्हणूनच घरच्या तळ्यातली जास्तीची झाडं मासुंदा किंवा उपवन तलावात नेऊन सोडू नका. वाळवा आणि खतात टाका.

येऊरच्या जंगलातून रोप आणलं तर चालेल?

चालणार नाही. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, तिथून कंद किंवा रोप उचलणं 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पण प्रश्न विचारणाऱ्याची नजर बरोबर आहे, कारण आगळंवेगळं फूल बघायला फिलिपिन्सलाच जावं लागतं असं नाही.

कळलावी बघा. पावसाळ्यात उमलते, पाकळ्या वर उलटलेल्या, आधी हिरवट पिवळ्या मग लालभडक, आणि पानाच्या टोकाचाच ताणा करून चढते. तमिळनाडूत बियांच्या औषधी उपयोगासाठी तिची शेती होते, ते तिथलं राज्यपुष्प आहे. लागवडीतले कंद नर्सरीत मिळतात, तेच घ्या. सह्याद्रीतल्या जुन्या झाडांवर मे-जूनमध्ये सीतेची वेणी हे आपलं ऑर्किड फुलतं, गुलाबी-पांढऱ्या फुलांचा लोंबता गजरा. आसामात बिहू नाचणाऱ्या मुली हेच फूल केसांत माळतात. रोपवाटिकेत वाढवलेलं रोप मिळालं तर गच्चीतल्या आंब्याच्या ओंडक्यावर बांधा.

सुमात्रात माणसापेक्षा उंच फूल येतं म्हणून जगभर ज्याची बातमी होते, तो आपल्या सुरणाचा सख्खा भाऊ. त्याच कुळातलं शेवळं जूनच्या सुरुवातीला स्टेशनाजवळच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या बांधून विकतात. आपण खातो तो फुलोराच असतो. काकडं ही आंबट फळं घालून त्याची खाज मारायची, हे फूलवाल्यांपेक्षा सीकेपींना जास्त ठाऊक.

पिठ्या ढेकूण आणि गोगलगायी?

पिठ्या ढेकूण म्हणजे पानांच्या बेचक्यात कापसासारखं दिसतं ते. आधी पाण्याची जोरदार धार, मग जुन्या ब्रशने साबणाचं पाणी, मग लिटरला 5 मिली नीमतेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. मुंग्या दिसल्या की समजा पिठ्या आहे. मुंग्याच त्याला राखतात.

मोठी तपकिरी गोगलगाय आफ्रिकेतली, 1847 मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तिथून पसरत गेली. ऑर्किडची कोवळी मुळं तिचा खाऊ. रात्री नऊनंतर बॅटरी घेऊन जा, हातमोजे घालून वेचा, मिठाच्या पाण्यात टाका. दुसरा खात्रीचा उपाय मला सापडलेला नाही.

घरात लहान मूल किंवा मांजर आहे. काय टाळू?

अडेनियम, कळलावी आणि धोतऱ्याच्या जातीचा लोंबता 'एंजल्स ट्रम्पेट' हे विषारी आहेत. कळलावीचा कंद तर जिवावर बेतू शकतो. मांजर असेल तर लिलियम जातीची लिली घरात फुलदाणीतही नको. नुसते पराग चाटूनही मांजराची किडनी निकामी होते.

खालच्या मजल्यावरचे पाणी गळतं म्हणून भांडतात. काय करू?

त्यांचं बरोबर आहे. आमच्याकडे यावरून एकदा विशेष सभा झाली आहे, आणि सभेत सगळे पुरावे माझ्याविरुद्ध होते. वाळत घातलेल्या पांढऱ्या झब्ब्यावर शेणखताचा डाग होता. तेव्हापासून पाणी पहाटे साडेपाचला, थोडं थोडं, दोनदा विभागून. अडेनियम सोडून बाकीच्यांखाली ताटल्या ठेवल्यात, पण आठवड्याला रिकाम्या करून घासायच्या. डेंगीचा डास आठवडाभरात तयार होतो आणि त्याची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात, नुसतं पाणी ओतून भागत नाही. महापालिकेचे लोक तपासायला येतात तेव्हा हेच बघतात.

वजनही बघा. ओल्या मातीचं वजन लिटरला दीड किलोच्या आसपास, म्हणजे 20 लिटरची कुंडी 30 किलो. अशा दहा कुंड्या ग्रिलवर टांगायच्या नाहीत. ग्रिलवर ऑर्किडच्या टोपल्या, जमिनीवर भिंतीलगत जड कुंड्या.

गणपतीला दहा दिवस कोकणात जातो. झाडांचं काय?

गणपतीत पाऊस असतो, काळजी करू नका. अडेनियम आडोशाला आहे ना एवढं बघा. खरी अडचण मेच्या सुट्टीत. सगळ्या कुंड्या खोलीच्या सावलीत एकमेकींना खेटून ठेवा, मधोमध पाण्याची बादली आणि तिच्यातून प्रत्येक कुंडीत सुती दोरीची वात. आठ दिवस निघतात. वांडा शेजाऱ्यांकडे ठेवा. निदान ज्यांचा झब्बा खराब केला नाही, अशा शेजाऱ्यांकडे.

रोपं कुठे मिळतील?

घोडबंदर रस्त्यालगत नर्सऱ्यांची रांगच आहे. एकाच दिवशी चार-पाच फिरा, भाव आणि झाडाची तब्येत दोन्हींत फरक दिसतो. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाचं 'वृक्षवल्ली' प्रदर्शन भरतं तेव्हा नक्की जा. विकत घेण्यापेक्षा तिथे झाडं सांभाळणाऱ्यांशी गप्पा मारायला. कुंडी उचलून खालची भोकं बघा, मुळं बाहेर डोकावत असतील तर झाड रुळलंय. फुलांनी लगडलेलं झाड घेऊ नका, कळ्यांचं घ्या.

तुम्ही रोपं देता का?

ब्रह्मकमळाची खोडं कधीही. अडेनियमच्या फांद्या फेब्रुवारीत, छाटणी झाल्यावर. पण फांदीपासून लावलेल्याला बीपासून येतो तसा गड्डा सहसा येत नाही, तेव्हा नंतर तक्रार घेऊन येऊ नका. सयामच्या हळदीचे कंद मार्चमध्ये मोजते, जास्तीचे वाटून टाकते. येताना कागदी पिशवी आणा, प्लॅस्टिकमध्ये कंद घामेजतात. वटवाघूळफूल मागू नका, माझ्याकडे एकच आहे.